राइट बंधूंच्या विमानाचं लाकडी किट : पाच मिलिमीटर घासू नका

खोकं उघडलं त्या संध्याकाळीच मी हे किट परत पाठवायला निघालो होतो. पंखांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या, सवयीने स्टीलची पट्टी लावली, तर मधल्या खुणेपासून उजवा पंख डाव्यापेक्षा ५ मिलिमीटर लांब. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मी ३३ वर्षं एअरफ्रेम फिटर होतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी भाग बाजूला काढलेला मी पाहिलाय, इथे तर सरळ ५. नातीला म्हटलं, "कापणाऱ्याने माप चुकवलंय गं. पॉलिश पेपर आण, उजवी बाजू घासून सारखी करू."

घासायच्या आधी एकदा मूळ विमानाचं माप बघावं म्हटलं. किट १:२० प्रमाणातलं आहे. ५ मिलिमीटर गुणिले २० म्हणजे १०० मिलिमीटर, साधारण ४ इंच. आणि १९०३ सालच्या राइट फ्लायरचा उजवा पंख डाव्यापेक्षा खरोखरच ४ इंच लांब होता! इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे बसवलेलं, चालक डावीकडे पालथा झोपायचा. इंजिनाचं वजन माणसापेक्षा जास्त, म्हणून त्या बाजूला थोडा जास्त पंख दिला. ज्याने या किटचं ड्रॉइंग काढलं त्याला हे ठाऊक होतं. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेत त्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्यासारखा मापाचा माणूस ते घासूनच टाकणार. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: हे किट आणलंत तर ते ५ मिलिमीटर तसेच राहू द्या.

विकणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. हीच लेझरने कापलेली पाटी वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या नावांनी विकली जाते असं दिसतं. तुमच्या हातात कुठलं खोकं येईल ते मला माहीत नाही, पण त्यात काय तपासायचं आणि काय बदलायचं ते मी सांगू शकतो. माझ्या तक्रारी मी विकणाऱ्याला पत्राने कळवल्या आहेत.

नात आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल बाजूला ठेवून दोघांनी मिळून काही करावं म्हणून ६,४०० रुपये देऊन हे मागवलं. आत पातळ प्लायच्या सात पाट्या, गोल आणि चौकोनी काड्या, दोऱ्याची दोन रिळं, पितळी बारक्या कप्प्या, रेझिनचं ओतीव इंजिन, पांढरं कापड आणि चोवीस पानांची पुस्तिका. कटिंग स्वच्छ आहे, कडा फार जळालेल्या नाहीत, भाग पाटीतून सुटताना फाटत नाहीत. कप्प्या दोन कमी निघाल्या. लिहिल्यावर तीन आठवड्यांनी आल्या, तोवर आमचं काम अडलं. पूर्ण झालेलं विमान सव्वाएकसष्ट सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं, कारण मूळ पंखांचा विस्तार ४० फूट ४ इंच होता. कपाटावर जागा मोजूनच मागवा.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजारात राइट फ्लायरची शोभेची मॉडेलं पुष्कळ मिळतात. तयार, रंगवलेली, काचेच्या पेटीतली. मी ती पाहिली आहेत आणि एकही घेतलं नाही, कारण त्यांचे पंख हलत नाहीत. राइट बंधूंच्या विमानातून पंखांचा पीळ काढून घेतला तर मागे उरतं ते लाकूड, कापड आणि १२ अश्वशक्तीचं एक अशक्त इंजिन. त्यांच्याही आधी लोकांकडे पंख होते, इंजिनंही होती. जर्मनीत ओटो लिलिएन्थालने हजारो वेळा टेकडीवरून झेप घेतली होती. तो पंखाखाली लोंबकळायचा आणि पाय इकडेतिकडे फेकून तोल सांभाळायचा. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ग्लायडर कोसळून तो गेला. राइट बंधूंनी तिथूनच प्रश्न उचलला: हवेत एक बाजू खाली गेली तर ती परत वर कशी आणायची?

थोरल्या भावाला, विल्बरला, त्याचं उत्तर १८९९ साली अमेरिकेतल्या डेटन गावी त्यांच्या सायकलच्या दुकानात सापडलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो हातातलं ट्यूबचं रिकामं लांबट खोकं पिळत होता. एका टोकाला वरची कड पुढे, दुसऱ्या टोकाला मागे. खोकं मोडलं नाही, नुसतं पिळलं गेलं. पंखाच्या दोन मजल्यांचं असंच करता येईल हे त्याच्या डोक्यात आलं. मी नातीला टूथपेस्टचं रिकामं खोकं दोन्ही तोंडं उघडून दिलं आणि म्हटलं, पिळ. तिने पिळलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि कडांकडे बराच वेळ बघत राहिली. एक टोक वर बघत होतं, दुसरं खाली. मग मी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

या किटमध्ये हा पीळ खरोखर चालतो. त्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देतो. खालच्या पंखावर चालकाच्या कमरेचा लाकडी पाळणा आहे, बोटाने डावी-उजवीकडे सरकतो. त्याला बांधलेला दोरा कप्प्यांवरून पंखांच्या मागच्या कडांपर्यंत जातो. पाळणा डावीकडे सरकवला की उजव्या पंखाची मागची कड खाली ओढली जाते, डाव्याची वर जाते, म्हणजे उजवी बाजू उचलली जाते आणि विमान डावीकडे कलतं. खऱ्या विमानात चालक ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला कंबर सरकवायचा. हात मोकळे हवे होते, कारण डाव्या हातात पुढच्या एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या पंखाचा, दांडा होता.

पण पुस्तिका सांगते तसं केलंत तर यातलं काही हलणार नाही. नवव्या पानावर लिहिलंय की दोन पंखांमधले सगळे खांब वर-खाली गोंदाने पक्के करा. तसं केलं की खोक्याची दोन्ही तोंडं बंद केल्यासारखं होतं, मग पाळणा ओढून दोरा तुटेल पण पंख पिळणार नाही. मूळ विमानात पुढची बाजू तारांनी ताणून ताठ ठेवली होती आणि मागच्या बाहेरच्या भागाला हलायची मुभा होती. खांब पंखाला आकड्यांनी अडकवलेले होते. आम्हीही तेच केलं. जळालेल्या मिक्सरच्या मोटारीतून तांब्याची तार काढली, तिचे बारीक आकडे वळवले, मागच्या बाहेरच्या खांबांच्या टोकांना बसवले आणि स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या लांब काडीत, सुईने भोकं पाडून अडकवले. पुढचे खांब मात्र पुस्तिकेप्रमाणे गोंदानेच. चिमट्याने एकेक आकडा बसवायला दोन रविवार गेले. नातीची बोटं बारीक, शेवटचे चार तिनेच लावले.

मागच्या रडरबद्दलही, म्हणजे उभ्या शेपटीबद्दलही, पुस्तिका चुकते. पाळण्याला एक जादा भोक आहे, त्याचा उपयोग कुठेच दिलेला नाही. रडरचे दोरे 'शोभेसाठी' चौकटीला बांधा म्हणतात. ते भोक रडरच्या दोऱ्याचं आहे! राइट बंधूंना १९०१ आणि १९०२ सालच्या ग्लायडरमध्ये कळलं की पंख पिळून एक बाजू उचलली की तीच बाजू हवेला जास्त अडते आणि मागे खेचली जाते, मग नाक उलट्या दिशेला वळतं. मागे स्थिर शेपूट लावून पाहिलं, तर कधीकधी ग्लायडर गिरकी घेत वाळूत रुतायचं. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्व्हिलने एका रात्री कॉफी जास्त प्यायली, झोप येईना, आणि पडल्या पडल्या त्याला सुचलं की शेपूट हलती ठेवायची. सकाळी विल्बर म्हणाला, मग ती पाळण्यालाच जोडून टाकू, म्हणजे चालकाला आणखी एक दांडा सांभाळायला नको. त्या जोडणीनंतर वळण ताब्यात आलं. वर्षभराने इंजिन लागलं तेव्हा विमान चालवायला शिकलेली दोन माणसं तयार होती. किटमध्ये ते भोक ठेवणाऱ्याने हे वाचलं असणार. पुस्तिका लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही.

पीळ बसला की एक गंमत नक्की करून बघा. विमान मधोमध दोन दोऱ्यांनी छताच्या हुकाला टांगा, समोर टेबल फॅन एक नंबरवर लावा. पाळणा डावीकडे सरकवून सोडा. आमचं विमान सावकाश डावीकडे कललं. उजवीकडे सरकवल्यावर उजवीकडे. माझी हयात ज्या विमानांवर गेली त्यांच्या पंखांवर हात ठेवला तर लोखंडासारखे लागायचे, त्यांत एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, वेगळे असायचे. पातळ कापडाचा पंख आख्खा पिळला जाऊन तेच काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या दिवशी चहा पूर्ण थंड झाला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

कापड बदला. सोबतचं कापड चकचकीत, नायलॉनसारखं आहे, गोंद धरत नाही आणि पंख पिळला की सुरकुत्या पडतात. मूळ विमानाला साधं सुती मलमल होतं, वरून लाख नाही की रोगण नाही. ते तिरकं लावलेलं, म्हणजे कापडाचे धागे पंखाच्या कडेशी तिरपे येतील असं, त्यामुळे कापडच आतून ताण धरायचं. माझ्या वडिलांचं एक जुनं धोतर ट्रंकेत होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की रिबवर, म्हणजे पंखाच्या बरगडीवर, ठेवलं की आपोआप बसतं. त्यातून तिरके तुकडे कापले. नातीच्या आजीने मशीनवर रिबांसाठी खिसे शिवून दिले. शिवताना मी तिला किटी हॉकची, म्हणजे भाऊ जिथे उडायला जायचे त्या वाळूच्या किनाऱ्यावरच्या गावची, गोष्ट सांगितली. १९०० साली विल्बरने तिथल्या टेट कुटुंबाच्या घरी बाईंच्या शिलाई मशीनवर ग्लायडरचं कापड शिवलं होतं. मोसम संपल्यावर ग्लायडर तिथेच सोडून भाऊ घरी गेले आणि त्या बाईंनी ते साटीन काढून आपल्या दोन लेकींना झगे शिवले. आजी म्हणाली, "बरोबर केलं. चांगलं कापड वाळूत का घालवायचं?"

आता सगळ्यात मोठी चूक. दोन्ही प्रॉपेलर, म्हणजे विमान ढकलणारे पंखे, एकाच हाताचे, एकाच दिशेला पीळ असलेले दिले आहेत. राइट फ्लायरचे दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरायचे, म्हणजे एकाचा झटका दुसरा मारायचा. त्यासाठी एका बाजूची चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिढा देऊन नळीतून नेली होती. किटमध्ये तो तिढा दाखवलाय, नळ्याही दिल्या आहेत, आणि तरीही टोकाला दोन्ही पंखे सारखेच! चेनला तिढा असलेला पंखा उलट फिरणार आणि हवा पुढे फेकणार. विमानाच्या किटमध्ये ही चूक मला माफ करवत नाही. त्यातून ती याच दोघा भावांच्या विमानात. जहाजाच्या पंख्यांवर कुणीतरी गणित करून ठेवलं असेल म्हणून त्यांनी शोधलं, कामाचं काही मिळालं नाही. मग त्यांनी प्रॉपेलरला गोल फिरणारा पंख मानलं आणि आपल्याच वाऱ्याच्या बोगद्यातल्या मोजमापांवरून त्याचा आकार काढला. तो बोगदा म्हणजे ६ फूट लांब लाकडी पेटी, १६ इंच चौरस तोंडाची, आत हॅक्सॉची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून केलेला काटा. १९०१ च्या शेवटी त्यांनी त्यात सुमारे २०० आकार तपासले. त्यावरून कोरलेल्या त्यांच्या ८॥ फुटी प्रॉपेलरची कार्यक्षमता पाऊण हिश्श्याच्या आसपास होती. कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने केलेलं काम आहे हे.

दुसरा प्रॉपेलर मी स्वतः कोरला. पॅकिंगच्या पेटीची देवदारी फळी, तिच्या तीन पातळ चिपा गोंदाने चिकटवल्या, मूळ प्रॉपेलरही थर चिकटवूनच केलेला होता. १३ सेंटिमीटर लांबी. चाकूने पीळ काढला, काचेच्या तुकड्याने खरवडला. पहिला मोडला, दुसरा जमला. ज्यांना कोरता येत नसेल त्यांनी विकणाऱ्याकडून उलट हाताचा मागून घ्यावा, निदान मागणी तरी जाऊ दे.

इंजिनाबद्दल थोडक्यात: रेझिनचं ओतीव आहे, चार सिलिंडर आडवे झोपलेले, ते बरोबर. काळा रंग द्या, चांगलं दिसतं. खरं इंजिन चार्ली टेलर या दुकानातल्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत केलं. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या चपट्या ठोकळ्यावर आकार आखून, कडेने भोकं पाडून, जादा भाग ठोकून काढला आणि लेथवर फिरवला. लेथवर काम केलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा वाचावं. राइट उडाले त्याच डिसेंबर १९०३ च्या ८ तारखेला त्यांचे प्रतिस्पर्धी प्राध्यापक लँगली यांचं ५० हजार डॉलर सरकारी पैशाचं आणि ५२ अश्वशक्तीचं विमान दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत पडलं होतं. राइटांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत.

आमच्या मॉडेलच्या चेनची चाकं शाफ्टवर घट्ट बसत नव्हती, फिरवलं की सटकायची. फेविक्विक लावलं, दुसऱ्या दिवशी निघालं. मग आठवलं की किटी हॉकला हेच झालं होतं. चेनच्या चाकांचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, नट सैल होत होते, कितीही आवळले तरी, आणि शेवटी भावांनी सायकलचं टायर चिकटवायचं सिमेंट गरम करून आट्यांत ओतलं, तेव्हा ते धरले. गल्लीतल्या सायकलवाल्याकडून दहा रुपयांची पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणली. तेव्हापासून चाकं हललेली नाहीत.

शेजारचे निवृत्त मास्तर एकदा येऊन म्हणाले, "अहो, पहिलं विमान आपल्या तळपद्यांचं. १८९५, चौपाटी. ते किट का नाही मिळत?" शिवकर बापूजी तळपद्यांबद्दल मला आदर आहे. मुंबईतला एक माणूस त्या काळात विमानाचा ध्यास घेतो, हीच मोठी गोष्ट. ते उड्डाण सिद्ध झालं तर ओझरच्या फाटकात पहिला पेढा मी वाटीन. पण किट कशावरून करणार? त्याचा आराखडा, मोजमाप, छायाचित्र आजवर पुढे आलेलं नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात त्यातली यानं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. राइटांच्या वह्या आहेत, काचेच्या निगेटिव्ह आहेत, पाच साक्षीदार आहेत, त्यांतले तिघे जीवरक्षक ठाण्यातले. मास्तरांना मी हेच सांगितलं, पाळणा सरकवून दाखवला, आणि ते अर्धा तास बसून राहिले.

घ्यावं का? घ्या, पण लहान मुलाच्या एकट्याच्या हातात देऊ नका. बारा वर्षांच्या पुढचं मूल, सोबत हातात कसब असलेलं मोठं माणूस, आणि दोन महिन्यांचे रविवार हवेत. पुस्तिकेवर भरवसा ठेवू नका, प्लायवर ठेवा. कापड आणि एक प्रॉपेलर बदलायचा खर्च दोनशे रुपयेही नाही. मी पाचापैकी चार देतो, तोही चौथा फक्त पाळण्यासाठी.

पूर्ण झालं त्या दिवशी नातीने हिशेब मांडला. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण, ऑर्व्हिल, १२० फूट, १२ सेकंद. भागिले वीस, ६ फूट. म्हणजे आमच्या फाटकापासून तुळशीपर्यंत. तिने दोन्ही हातांत विमान धरलं आणि बारा मोजत तेवढंच अंतर चालली. इतकं हळू चालावं लागलं की ती थांबून म्हणाली, "आजोबा, हे तर माणूस पळून गाठेल." गाठलंच असतं. ताशी २० मैलांहून जास्त वारा समोरून होता, हवेत वेग भरपूर, जमिनीवर नाही. विल्बर पंखाचं टोक धरून शेजारून धावतच होता.

मग चौथं उड्डाण. विल्बर, ८५२ फूट, ५९ सेकंद. आमच्या मापाने साडेबेचाळीस फूट, फाटकापासून घराच्या कडेने मागच्या पेरूच्या थोडं पुढे. ती पुन्हा फाटकात गेली. मी घड्याळ धरलं. पेरूशी पोचली तेव्हा ५७ झाले होते, दोन पावलं आणखी टाकली आणि विमान वाळलेल्या पानांवर टेकवलं.

"आणि पुढे?"

पुढे उड्डाण नाही, मी सांगितलं. सगळे उभे राहून बोलत होते, वाऱ्याचा झोत आला आणि विमान उलटलं. ज्याने सकाळी फोटोचं बटण दाबलं होतं तो डॅनियल्स खांब धरायला धावला आणि विमानाबरोबरच लोळला. रिबा मोडल्या, इंजिन फुटलं. ते विमान पुन्हा उडालं नाही.

संध्याकाळचा वारा सुटला होता. तिने खाली वाकून दोन्ही हातांनी पुढचे खांब धरले, विमान उचललं, आणि आत कपाटावर ठेवेपर्यंत सोडले नाहीत.